लहान चाकूची घडण

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या हस्तव्यवसायाच्या वर्गाकरितां बारा चाकू घेण्यांत आले. ते मुलांच्या हातीं पडल्यावर कित्येक पालकांनीं आम्हांस तीन प्रश्न विचारले. चाकू इतके लहान कां? त्यांच्या मुठीपुढें बोटें अडविणारी आडवी पट्टी कां नाहीं? आणि न गंजणारें पोलाद बाजारांत मिळत असतां हें गंजणारें पोलाद कां घेतलें? पुढें ऑगस्ट महिन्यांत एका मुलाच्या तर्जनीस तीन टांके घालावे लागले, तेव्हां हेच प्रश्न अधिक कडक शब्दांत आले. व तसें होणें योग्यच होतें. त्या वेळीं आम्हीं तोंडीं जें उत्तर दिलें तें आमचें आम्हांसच अपुरें वाटलें. म्हणून हा विषय येथें मुळापासून मांडण्याचें योजिलें आहे. विद्यार्थ्यांस ह्यांत थोडें यंत्रशास्त्र व थोडें धातुशास्त्र सांपडेल; पालकांस आमच्या निवडीचा हिशेब मिळेल. हिशेबांत जमेबरोबर खर्चाची बाजूही दाखवावी लागते, ती आम्ही लपविणार नाहीं.

आमचे चाकू ज्या नमुन्याचे आहेत तो नमुना फिनलंड देशांतील होय. तिकडे त्यास ‘पूक्को’ म्हणतात. फिनिश भाषेंत ‘पू’ म्हणजे लांकूड. हा मिटणारा चाकू नव्हे. ह्याचें पातें मुठींत कायमचें बसविलेलें असतें. पातें सुमारें तळहाताच्या रुंदीएवढें, म्हणजे नऊदहा सेंटिमीटर लांब, पाठ सरळ, मूठ बहुधा भूर्जाच्या जातीच्या झाडाच्या लांकडाची किंवा त्याच्या सालीच्या चकत्या एकावर एक दाबून केलेली, आणि म्यान चामड्याचें. शेतकरी, शिकारी, कोळी, लांकूडतोड्या, सर्वांच्या कमरेस हाच चाकू. शिकार सोलावयाची, मासा चिरावयाचा, चमचा कोरावयाचा, घोड्याचा पट्टा कापावयाचा, चूल पेटविण्यास ढलप्या काढावयाच्या, तरी चाकू एकच. कौहावा गांवीं १८७९ सालीं इसाक्की यार्वेनपा ह्यांनीं, व पुढें १९२८ सालीं उत्तरेकडील रोवानिएमी येथें यान्ने मार्तीनी ह्यांनीं अशा चाकूंचे धंदे सुरू केले, ते नांवारूपास आले.

हा चाकू रानांतून शाळेंत कसा आला हेंही सांगण्यासारखें आहे. ऊनो सिग्नेउस (१८१०–१८८८) ह्या फिनिश शिक्षणवेत्त्याच्या खटपटीनें १८६६ सालच्या तेथील लोकशाळांच्या कायद्यांत हस्तकामास स्थान मिळालें. त्याचा कित्ता स्वीडनमध्यें ऑटो सालोमन (१८४९–१९०७) ह्यानें गिरविला व नेस येथील आपल्या विद्यालयांत देशोदेशींच्या शिक्षकांस ही पद्धति शिकविली. मुलाच्या हातांत पहिलें हत्यार कोणतें द्यावें, ह्या प्रश्नास सालोमनचें उत्तर होतें, चाकू. कारण तो मुलास घरचाच ओळखीचा असतो. आपल्याकडे १९३७ सालीं वर्धा येथें हस्तोद्योगांतून शिक्षण देण्याचा विचार मांडला गेला, तेथें मुख्य स्थान सुताचें होतें. परंतु हा निराळा विषय आहे. आपण चाकूकडे वळूं.

प्रथम लांबीचा प्रश्न. मूठ धरून लांकूड कापतांना आपलें मनगट तरफेप्रमाणें काम करतें. मुठीच्या मध्यापासून सहा सेंटिमीटरांवर ज्या बळानें आपण कापूं शकतों, त्याच श्रमांत अठरा सेंटिमीटरांवर त्याचा तिसरा हिस्साच बळ उरतें. म्हणून मोठ्या चाकूचें टोंक कोरण्याच्या कामीं दुबळें व बेभरंवशाचें असतें. मोठ्या पात्याचा उपयोग नाहीं असें नव्हे. कलिंगड किंवा पावाचा मोठा लाद चिरावयाचा तर लांब पात्यास पर्याय नाहीं, आणि आमचा चाकू त्या कामीं अगदींच केविलवाणा ठरतो. परंतु वर्गांत आम्हांस चमचे, खुंट्या व बांबूच्या पट्ट्या करावयाच्या होत्या. लहान चाकू घेण्याचें कारण मुलें लहान आहेत हें नसून काम हाताच्या जवळ करावयाचें आहे, हें होय.

आतां पात्याची जाडी. बाजारांत शिकारी चाकू म्हणून जे मिळतात त्यांचीं पातीं पुष्कळदां चारपांच मिलिमीटर जाड असतात, व घेणाऱ्यास तें पाहून मोठें समाधान वाटतें. त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पात्याची जाडी दुप्पट केली तर तें आडवें वांकविण्यास लागणारें बळ आठपट होतें. मोडण्यास लागणारें बळ सुमारें चौपट होतें. मजबुतीचा हा लाभ मोठाच. पण चाकू म्हणजे पाचर. धारेचे दोन्ही उतार मिळून २३ अंशांचा कोन केला, तर अडीच मिलिमीटर जाडीच्या पात्यावर उताराची उंची सहा मिलिमीटर होते. पांच मिलिमीटर जाडीवर ती बारा होते. विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. निम्म्या जाडीस ११.५ अंशांच्या स्पर्शकानें, म्हणजे ०.२०३ नें, भागावयाचें. ह्याचा अर्थ असा कीं, जाड पातें बटाट्यांत शिरतांच तो चिरला न जातां फुटूं लागतो; आणि धार लावतांना दुप्पट रुंदीचें पोलाद दगडावर घासावें लागतें. अडीच मिलिमीटरांवर आम्हीं समाधान मानलें. त्याची किंमतही मोजली: एका मुलानें रंगाचा डबा उघडण्यास पातें झांकणाखालीं घालून पिळलें, तें वांकलें तें आजही किंचित् वांकडेंच आहे.

धारेचा उतार कसा घासावा ह्याच्याही निरनिराळ्या तऱ्हा आहेत. न्हाव्याच्या वस्तऱ्याच्या बाजू आंत खोलगट असतात. त्यामुळें धारेमागें पोलाद फारच थोडें राहतें. केस सहज कापला जातो, पण हाडावर आपटल्यास धारेचा तुकडा उडेल. कुऱ्हाडीची बाजू उलट फुगीर असते. ती घाव सोसते, पण तिनें कोणी कांदा चिरीत नाहीं. पूक्कोच्या पात्याच्या बाजू वरून सपाट येतात आणि खालच्या तिसऱ्या भागांत एकदम तिरप्या उतरून थेट धारेस मिळतात. हा सपाट उतार लांकडावर टेंकवला कीं तोच हातास मार्ग दाखवितो, जसा सुताराच्या पटाशीचा उतार दाखवितो. ढलपी किती जाड निघावी हें मनगट थोडें उचलून किंवा दाबून ठरवितां येतें. दगडावर धार लावतांनाही तोच उतार सपाट टेंकवावयाचा. कोन अंदाजानें धरावा लागत नाहीं, म्हणून दहा वर्षांचें मूलही हें शिकूं शकतें. परंतु ज्या ठिकाणीं उतार सुरू होतो तेथें एक कंगोरा राहतो, व भाजी चिरतांना तो अडतो. आमच्या घरीं ह्या चाकूनें गाजर कापण्याचा प्रयोग झाला, व स्वयंपाकघरांतून तो तत्काळ परत आला. विळीपुढें त्याचें कांहीं चाललें नाहीं.

आतां पोलादाविषयीं. येथें आम्हांस आपली एक जुनी फजिती सांगितली पाहिजे. नुकतेच शिक्षक झालों होतों तेव्हां एका मोडक्या कानशीचा चाकू करण्याची आम्हांस हौस आली. कानशीचें पोलाद अत्यंत कठीण असतें एवढें पुस्तकांतून ठाऊक होतें. कठीण तितकें चांगलें असें आमचें गणित. आठ दिवस घासून पातें तयार केलें. धार अशी आली कीं हातावरची लव उतरावी. नवव्या दिवशीं त्याच्या टोंकानें पत्र्याच्या डब्याचें झांकण उचकटूं गेलों, तों टोंक कांचेसारखें कट्‌कन मोडलें व उडालेला तुकडा कानाजवळून गेला. गांवच्या लोहाराकडे तें पातें नेलें. तो हंसून म्हणाला, “मास्तर, कानस ती कानसच. तिला घासायचं ठावं, वांकायचं न्हाई. आधीं जरा मऊ करा, मग चाकू म्हणा.” आम्हीं घरीं येऊन दुसरें पातें शेगडीवर ठेवलें आणि तें चांगलें निळें होईपर्यंत तापविलें. तें मोडेना खरें. पण वाळक्या बांबूच्या गांठीवर त्याची बारीक धार दुमडली. तिसऱ्या खेपेस लोहारानेंच हात धरून दाखविलें: पातें हळूहळू तापवावयाचें, घासून लख्ख केलेल्या पृष्ठावर वाळल्या गवतासारखा फिका पिंवळा रंग चढतांच थांबावयाचें.

ह्यांतील शास्त्र असें आहे. पोलाद म्हणजे लोखंडांत थोडा कर्ब. चाकूच्या साध्या पोलादांत शेंकडा पाऊण ते एक भाग. तें सुमारें ८०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविलें म्हणजे कर्ब लोखंडाच्या कणरचनेंत विरघळतो. मग तें पाण्यांत किंवा तेलांत एकदम बुडविलें असतां कर्बास बाहेर पडण्यास सवड मिळत नाहीं. तो तेथेंच अडकतो, रचना ताणली जाते, व पोलाद कठीण पण ठिसूळ होतें. आपले लोहार ह्यास पाणी देणें म्हणतात. पुन्हां २०० ते २३० अंशांपर्यंत तापविल्यानें तो ताण थोडा सैल होतो. पिंवळा रंग सुमारें त्या उष्णतेचा, निळा रंग सुमारें ३०० अंशांचा. कठीणपणा मोजण्याच्या रॉकवेल मापावर चांगली कानस साठाच्या बरीच वर असते. चाकू बहुधा ५७ ते ६० च्या दरम्यान ठेवतात. ह्याहून कठीण केला तर धार पुष्कळ दिवस टिकते, पण तुकडे उडतात व दगडावर ती लवकर लागत नाहीं. मऊ केला तर मोडत नाहीं, पण रोज धार लावावी लागते. दोन्ही गुण पूर्णपणें एका पात्यांत मिळत नाहींत. (रस्त्यावरील धार लावणाऱ्याच्या कोरड्या चाकावर पात्याचें टोंक निळें झालेलें दिसलें तर तेवढा भाग मऊ पडला असें समजावें. कित्येक घरचे चांगले चाकू असे बिघडले आहेत.)

स्वीडनमधील मोरा परगण्यांतील कारागिरांनीं ह्यांतून एक युक्तीची वाट काढली आहे. तेथें ओस्टनोर गांवीं फ्रोस्ट-एरिक एर्सन ह्यानें अमेरिकेंतून परत आल्यावर १८९१ सालीं लांकडें वाहण्याच्या घसरगाड्यांचा कारखाना काढला. त्याच कारखान्यांत कामापुरते चाकू होऊं लागले, आणि पुढें गाड्या मागें पडून चाकूच प्रसिद्ध झाले. तिकडील कांहीं पात्यांत मधें कठीण पोलादाचा पातळ थर व दोहों बाजूंस मऊ लोखंड असें तिपदरी काम असतें. धार कठीण थराची, आणि मोडण्यापासून आधार मऊ बाजूंचा. ह्यांतही फुकट कांहीं नाहीं: असें पातें मोडत नसलें तरी एकदां वांकलें कीं वांकलेलेंच राहतें, आणि बाजूंवर ओरखडे लवकर उठतात.

गंजाचा प्रश्न मात्र आम्हांस आजही टोंचतो. शेंकडा बारातेरा भाग क्रोमियम घातलेलें पोलाद हॅरी ब्रेअर्ली ह्यानें १९१३ सालीं शेफील्ड येथें ओतलें. क्रोमियमचा प्राणवायूशीं संयोग होऊन पृष्ठावर अत्यंत पातळ थर बनतो व तो आंतील लोखंडाचें रक्षण करतो. परंतु तेंच क्रोमियम कर्बाशीं मिळून फार कठीण कण बनवितें. ते मोठाले राहिले तर साध्या दगडावर बारीक धार आणणें जिकिरीचें होतें. आजचीं उत्तम न गंजणारीं पोलादें ह्या दोषापासून बरींचशीं मुक्त आहेत, पण तीं महाग पडतात. मुलांनीं स्वतः धार लावण्यास शिकावें हा वर्गाचा अर्धा हेतु. साधें पोलाद दहा मिनिटांत दगडास वश होतें, म्हणून आम्हीं तें घेतलें.

ह्या निवडींत आमची एक चूक झाली, ती कबूल करतों. फिनलंडचा हिंवाळा लांबलचक व कडाक्याचा. तेथील गोठलेली कोरडी हवा व आपला जुलै महिना ह्यांत महदंतर आहे. पावसाळ्यांत चार दिवसांच्या सुट्टीनंतर पेटी उघडली तेव्हां बारांपैकीं सात पात्यांवर तांबडे ठिपके होते, आणि एकावर तर खड्डे पडले होते. ज्या मुलानें कैरी कापून चाकू तसाच ठेवला त्याचें पातें काळें झालें, हें निराळेंच. आतां प्रत्येक तासानंतर पातें पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा बोळा फिरविण्याचा नियम केला आहे. तरीही आमच्या एखाद्या कोंकणांतील स्नेह्यानें विचारलें तर आम्ही त्यास न गंजणारेंच पोलाद घेण्यास सांगूं, धार लावण्याचे श्रम वाढले तरी. वस्तु ज्या हवेंत जन्मली ती हवा सोडून दुसरीकडे आणली म्हणजे तिचे गुणदोष पुन्हां नव्यानें तोलावे लागतात, हें आम्हीं चाकू मागविण्यापूर्वीं ध्यानांत घ्यावयास पाहिजे होतें.

मुठीची गोष्टही अशीच. पूक्कोच्या पात्याची शेपटी अरुंद करून मुठीच्या पोटांतून नेलेली असते. लोखंड हातास कोठेंच लागत नाहीं. शून्याखालीं वीसतीस अंश थंडींत उघड्या धातूस हात लावणें किती दुःसह असेल ह्याची कल्पना करावी. पात्याएवढीच रुंद पट्टी मुठीच्या टोंकापर्यंत नेऊन दोहों बाजूंस लांकडी फळ्या रिव्हेट करण्याची दुसरी रीत आहे. ती अधिक बळकट, पण जड, आणि लांकूड सुकलें कीं फळ्यांच्या कडा हातास बोंचूं लागतात. थंडीचें कारण आपल्याकडे लागू नसलें तरी हलकेपणाचें आहे. शिवाय मूठ फुटली तर गांवचा सुतार अशी मूठ एका सकाळीं नवी बसवून देतो.

आतां मुठीपुढील आडव्या पट्टीचा, म्हणजे त्या तीन टांक्यांचा विषय. त्या मुलानें करवंटीस भोंक पाडण्याकरितां चाकू उभा धरून टोंकावर जोर दिला. टोंक अडलें, हात ओला होता, तो मुठीवरून पुढें सरला व तर्जनी धारेवर आली. पट्टी असती तर हा अपघात झाला नसता. ह्यांत शब्दच्छल करण्यास जागा नाहीं, व त्याच्या वडिलांस आम्हीं तसेंच सांगितलें.

मग पट्टी कां नको? वर तरफेचा हिशेब दिला आहे, तो येथें पुन्हां लावावा. पट्टी व तिच्यापुढील बिनधारेची जागा मिळून सुमारें दोन सेंटिमीटर जातात. सहा सेंटिमीटरांवर होणारें काम आठांवर जातें, व चौथा हिस्सा बळ वायां जातें. जेथें चाकू सर्वांत जोरदार आणि सर्वांत आज्ञाधारक असतो नेमकी तीच जागा आपण सोडून देतों. मुलास मग अधिक जोर लावावा लागतो, आणि अधिक जोर लावणारा हातच निसटतो. आणखी असें कीं, पट्टी लांकडास अडल्यामुळें पातें त्यावर सपाट टेंकत नाहीं. आणि चाकू म्यानांत मुठीच्या निम्म्यापर्यंत खोल बसतो तो बसेनासा होतो. भोंसकणें हें ज्या चाकूचें काम आहे त्यास पट्टी अवश्य हवी. सोलणें व कोरणें हें ज्याचें काम, त्यास ती अडचण होय. दोष चाकूचा नव्हता. भोंसकण्याचें काम आम्हीं त्याजकडून होऊं दिलें, हा आमचा दोष होता. भोंक पाडण्याकरितां वर्गांत एकही गिरमिट ठेवलेलें नव्हतें. आतां तीन आहेत.

तरीही केवळ एवढ्यावर थांबणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. सुताराकडून सहा चाकूंच्या मुठी बदलून घेतल्या. त्यांचा पुढचा भाग खालच्या अंगास सुपारीएवढा फुगीर ठेवला, म्हणजे तर्जनीस तेथें अडसर मिळतो. सहा महिन्यांचा अनुभव असा: पांचवी-सहावीच्या मुलांस ह्या मुठी चांगल्या मानवतात. आठवीच्या मुलांची मात्र तक्रार आहे कीं, चमच्याच्या खोलगट भागाजवळ हात वळवितांना तो उंचवटा बोटाखालीं येतो व पकड बदलतां येत नाहीं. त्यांची तक्रार खरी आहे. आम्हीं स्वतः एक चमचा कोरून पाहिला. म्हणून सहा मुठी तशा व सहा अशा ठेवल्या आहेत, आणि कोणत्या मुलास कोणता चाकू द्यावयाचा हें वर्गशिक्षक पाहतात.

टोंकाविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. शिकारीच्या कामीं अणकुचीदार टोंक जनावराच्या आंतड्यांत शिरून मांस नासण्याचें भय असतें. म्हणून बॉब लव्हलेस (१९२९–२०१०) ह्या अमेरिकन कारागिरानें पात्याची पाठ पुढें हलकेंच उतरती करून टोंक खालीं आणलें, व तो घाट सर्वत्र रूढ केला. कोरीव कामास उलट अणकुचीच लागते. आमच्या लहान मुलांच्या सहा चाकूंचीं टोंकें दगडावर घासून बोथट केलीं आहेत; त्यांनीं नक्षी नीट येत नाहीं, हें त्या मुलांचें म्हणणें आम्ही ऐकून घेतलें आहे.

नव्या सत्रांत चाकू म्यानासह मोजून दिले जातील व मोजून परत घेतले जातील. म्यान चामड्याचें असल्यानें ओलें पातें त्यांत घालूं नये, आणि रात्रीं पातें म्यानाबाहेर तेलाच्या फडक्यांत ठेवावें. चामडें ओल धरून ठेवतें, हें त्या सात गंजलेल्या पात्यांनींच आम्हांस शिकविलें. ज्या पालकांस वर्ग पाहावयाचा असेल त्यांनीं शनिवारीं सकाळीं अवश्य यावें. ज्याच्या बोटास टांके पडले होते तो मुलगा फुगीर मुठीचा चाकू घेत नाहीं. तो जुन्याच मुठीवर काम करतो, व त्याच्या वडिलांनीं त्यास तशी परवानगी दिली आहे.